‘रन’चे 57 अर्थ: वर्डनेट कुठे कामाला येतं, कुठे दगा देतं

शब्दकोशाची परीक्षा अवघड शब्दावर घेऊन उपयोग नाही. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो सगळेच बरोबर देतात. खरा कस लागतो तो ‘रन’, ‘सेट’, ‘ब्रेक’ असल्या रोजच्या शब्दांवर. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या नव्या आवृत्तीत नुसत्या ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदवले आहेत. वर्डनेट हा संगणकावर चालणारा इंग्रजी कोश, समानार्थी शब्दांचे गट करून मांडलेला. तो इतका खोल जात नाही: नाम म्हणून 16 आणि क्रियापद म्हणून 41, एकूण 57. (‘ब्रेक’ त्याच्याही पुढे, क्रियापदाचेच 59.) पण इथे प्रत्येक अर्थाला स्वतंत्र गट आहे, त्या अर्थाने चालणारे शब्द त्या गटात आहेत, सोबत एका ओळीची व्याख्या आणि पुष्कळ ठिकाणी उदाहरणही. छापील थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, शब्दांची रास मिळते, त्यातला कुठला कुठे बसतो हे आपणच ओळखायचं. वर्डनेटचा मोठेपणा नेमका इथे आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठात 1985 साली जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू झालं. 3.0 या आवृत्तीत 1,17,659 गट आहेत. या गटांना सिनसेट म्हणतात. वापरायला फुकट, व्यावसायिक कामालाही चालतं, फक्त परवान्याची सूचना सोबत ठेवायची. सगळ्यांत सोपी वाट म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली एनएलटीके लायब्ररी, म्हणजे भाषेवरच्या कामासाठीचा तयार प्रोग्रॅमसंच. लायब्ररी बसवली की झालं असं मात्र नाही. वर्डनेटची डेटा फाईल वेगळी उतरवावी लागते, नाहीतर पहिल्याच ओळीला लुकअप एरर (डेटा सापडला नाही, अशी तक्रार) येतो. एनएलटीकेच्या काही आवृत्त्या ‘ओएमडब्ल्यू-1.4’ ही आणखी एक फाईल मागतात, तीही उतरवून ठेवलेली बरी.

आता ‘रन’ टाकून पाहू. सगळ्यांत वर येतो तो बेसबॉलचा रन. क्रिकेटमधल्या धावांवर वाढलेला वाचक इथे चमकेल, पण त्याला कारण आहे. अर्थांचा क्रम, शब्दांवर त्यांच्या अर्थाच्या खुणा हाताने केलेल्या मजकुरातल्या वापरावर बेतलेला आहे, आणि त्या मजकुराचा मोठा भाग ब्राउन कॉर्पस या मजकूर-संग्रहातला, म्हणजे 1961 साली अमेरिकेत छापलेला. त्यामुळे ‘पहिला अर्थ म्हणजे सर्वांत रूढ अर्थ’ असं डोळे झाकून धरू नये. यादीच्या शेपटाकडे तर वापराची एकही खूण न मिळालेले अर्थ असतात. तिथल्या क्रमाला काहीच अर्थ नाही.

क्रियापदांत पहिला अर्थ धावण्याचा, आणि इथेच बहुतेक जण फसतात. या गटात ‘रन’शिवाय दुसरा शब्दच नाही. समानार्थी शब्द काढून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला तर तो पहिल्या अर्थाला रिकाम्या हाताने परत येतो. चूक वर्डनेटची नाही. ‘धावणे’ला तंतोतंत पर्याय इंग्रजीत नाहीच, आहेत ते धावण्याचे प्रकार. ते हवे असतील तर एक पायरी खाली उतरायचं, एनएलटीकेत त्याला ‘हायपोनिम्स’ म्हणतात. मग ‘जॉग’ (संथ लयीत), ‘लोप’ (सहज, लांब ढांगा टाकत), ‘स्प्रिंट’ (थोड्या अंतरासाठी जिवाच्या आकांताने), ‘हेअर’ (सशासारखं सुसाट) असे शब्द हाती लागतात. लिहिणाऱ्याला हवे असतात ते हेच. समानार्थी शब्द शोधायचा असेल तर गटातले शब्द आणि खालच्या पायरीचे शब्द, दोन्ही एकत्र काढायची सवय लावून घ्यावी.

दुसरा अर्थ पळ काढण्याचा. इथे उलट परिस्थिती, गटात डझनभर शब्द: ‘एस्केप’, ‘स्कार्पर’, ‘बंक’, ‘हायटेल इट’, ‘फ्लाय द कूप’. ‘एस्केप’ कुठेही चालेल, ‘स्कार्पर’ ब्रिटिश बोलीतला, ‘हायटेल इट’ अमेरिकी गप्पांमधला. सगळे एका पंगतीत, आणि कोण सोवळ्यात, कोण ओवळ्यात हे सांगणारी खूण गटात दिसत नाही. शिकणाऱ्याने इथून शब्द उचलून थेट औपचारिक पत्रात टाकला तर हसं होईल. शैलीच्या खुणा देणारा विद्यार्थी कोश शेजारी उघडा ठेवल्याशिवाय हे साधन वापरू नये.

आणखी एक खोच गटांच्या नावांत आहे. या दुसऱ्या अर्थाच्या गटाचं नाव ‘रन’ नाही, ‘स्कॅट.व्ही.01’ आहे (‘व्ही’ म्हणजे क्रियापद, आकडा अर्थाचा), कारण नाव गटातल्या पहिल्या शब्दावरून पडतं. त्यामुळे ‘रन.व्ही.02’ असा आकडा घालून गट मागवला तर काय मिळेल ते डोळ्यांनी तपासावं. यादीतला क्रमांक वापरणं जास्त सुरक्षित.

जोडक्रियापदं या 57 मध्ये धरलेली नाहीत. ‘रन आउट’, ‘रन इन्टू’ यांच्या नोंदी वेगळ्या आणि त्या मागताना शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, अधोरेषा द्यावी लागते. जागा सोडली तर रिकामी यादी येते आणि माणसाला वाटतं, नोंदच नाही. ‘रॅन’ टाकलं तर शोध आपोआप ‘रन’वर जातो, हे छान. पण त्याच लायब्ररीतल्या लेमटायझरला (शब्दाचं मूळ रूप काढून देणाऱ्या साधनाला) ‘रनिंग’ दिलं तर ‘रनिंग’च परत येतं. न सांगितल्यास तो प्रत्येक शब्द नाम धरतो. क्रियापद आहे असं कळवलं की ‘रन’ देतो.

विरुद्धार्थी शब्द गटाला नसून गटातल्या एकेका शब्दाला जोडलेले आहेत. ‘लार्ज’ आणि ‘बिग’ एकाच गटात, तरी ‘लार्ज’चा जोडीदार ‘स्मॉल’ आणि ‘बिग’चा ‘लिटल’. हे इतकं बारकाईने पाहिलेलं आहे की दाद द्यावीशी वाटते.

शब्दयोगी अव्ययं, सर्वनामं आणि उभयान्वयी अव्ययं मुळात घेतलेलीच नाहीत. ‘इन’ विचारलं तर आधी इंच, मग इंडियम धातू, मग इंडियाना राज्य! मजकुरातला प्रत्येक शब्द आंधळेपणाने शोधणारे प्रोग्रॅम यातूनच हास्यास्पद निकाल देतात. असे शब्द आधी गाळून घ्यावेत.

57 अर्थ प्रत्यक्ष कामाला जास्तच बारीक पडतात. दोन माणसांना एकाच वाक्यातल्या ‘रन’चा अर्थ निवडायला सांगितला तर त्यांचं सहज एकमत होत नाही. म्हणूनच मजकुरावर अर्थाच्या खुणा करणाऱ्या ओंटोनोट्स प्रकल्पात जवळजवळचे अर्थ एकत्र करून 90 टक्के एकमताचं लक्ष्य ठेवलं होतं. मजकुरावर खुणा करायच्या असतील तर आधी अशी गोळाबेरीज करून घ्यावी.

आणि वय दिसतं. 3.0 मधल्या ‘टॅब्लेट’मध्ये दगडी पाटी आहे, कागदाचं पॅड आहे, औषधाची गोळी आहे, हातातला संगणक नाही. नवे शब्द आणि दुरुस्त्या हव्या असतील तर 2019 पासून निघत असलेलं ओपन इंग्लिश वर्डनेट घ्यावं. ते ‘डब्ल्यूएन’ नावाच्या वेगळ्या पायथन लायब्ररीतून चालतं. मात्र जुन्या आवृत्तीवर केलेलं काम असेल तर गटांचे क्रमांक दोन्हीकडे जुळतील असं गृहीत धरू नये.