सभागृह की मतपेटी: व्हरमाँट आणि मेन

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून आमदारांवर दबाव आणला. 2011 मध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा कायदाही झाला. पण पैसा कुठून आणायचा, हे ठरलंच नव्हतं. मालकांवर 11.5 टक्के वेतनकर लावावा लागेल असा हिशोब निघाला आणि डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर शमलिन यांनी योजना गुंडाळली.

मेन या दुसऱ्या अमेरिकी राज्यातली मागणी लहान: गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवा. गव्हर्नर लपेज वारंवार नकाराधिकार वापरत, म्हणून कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून प्रश्न मतदारांपुढे नेला. नोव्हेंबर 2017 मध्ये सुमारे 59 टक्के कौल मिळाला. लपेज तरीही अडून बसले (हट्टाची कमाल!), जानेवारी 2019 मध्ये नव्या गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी पदावर येताच योजना वाढवण्याचा आदेश काढला.

मला मेनची वाट पटते. मात्र कित्येक राज्यांत नागरिकांना असा प्रश्न मतदानाला लावताच येत नाही, खुद्द व्हरमाँटमध्येही.