राजारामपुरीतला बॅले क्लास, मुलांना घालणार असाल तर आधी हे वाचा

कोल्हापुरात बॅले शिकवतात यावर आमच्या सासूबाईंचा अजून विश्वास बसत नाही, पण क्लास खरंच लई भारी आहे आणि मुख्य म्हणजे मॅडम पालकांना खोटी स्वप्नं दाखवत नाहीत.

पहिल्याच मीटिंगला एका बाबांनी विचारलं, यात करिअर होतंय का? मॅडमनी सरळ सांगितलं. रशियातल्या वागानोवा अकॅडमी या बॅले शाळेत मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास घेतात, आठ वर्षं घासून घेतात, आणि एवढं करून एखाद्या बॅले कंपनीत (नाचणाऱ्यांच्या संचात) घेतलं तरी सुरुवात कोर द बॅलेत, म्हणजे घोळक्यात नाचायचं, सोलो लांबच. पैलवानासारखंच अंग साथ देतंय तोवर मैदान, बहुतेकजण चाळिशीच्या आत थांबतात, पॅरिस ऑपेरात तर 42 ला रिटायर करतात. मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह 2017 ला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला तेही सांगितलं, पण असे किती जातात तेही सांगितलं. ऐकून दोन-तीन पालक गप्पच झाले, मला मात्र तिथंच पटलं की पोरगी इथंच घालायची.

आता लेकीनं पॉइंट शूजसाठी, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायच्या शूजसाठी, घर डोक्यावर घेतलंय, मॅडम ठाम नाही म्हणतात. अकरा-बारा वर्षांच्या आधी विषयच नाही आणि वय झालं तरी पाय नि घोटा तयार आहे का ते बघूनच. पोरींना कळावं म्हणून त्यांनी स्वतःचा जुना शूज मधोमध कापून आणला होता. वरून गुलाबी साटिन, रिबिनी हातानं शिवलेल्या, टोकाला जाड दोऱ्यानं रफू, आणि आत बोटांभोवती कापड-कागदाचे थर खळीनं चिकटवून कडक केलेले. घामानं ते मऊ पडतात, मोठा रोल असला की एका शोमध्येच जोडी संपते. हातात घेऊन बघितला तर टोक म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं, त्यावर सगळं वजन!!

फ्लोअरसाठी पैसे घातलेत ते दिसतंय, खाली लाकडी पट्ट्या, वर प्लायवूड, त्यावर व्हिनाइल, उडी मारली की जमीन जरा दबते. आधीच्या एका डान्स क्लासला नुसत्या फरशीवर उड्या मारून पोरीच्या नडग्या दुखायच्या, रात्री तेल चोळत बसायचो, ते बंद झालं.

गॅदरिंगपुरता डान्स बसवून पाहिजे असेल तर इथं येऊ नका, महिनोन्‌महिने बार (आधाराचा दांडा) धरून प्लिए आणि तांद्यूच, म्हणजे गुडघे वाकवणं नि पाय ताणून सरकवणंच चालतंय. पार्किंगची बोंब आहे, फी तीन महिन्यांची एकदम घेतात, ती महिन्याला घेतली तर बरं होईल.

आणि मॅडम, हे वाचत असाल तर मुलांची वेगळी बॅच काढाच, माझा पुतण्या दारात उभा राहून बघत असतो, सगळ्या मुलीच म्हणून आत यायला लाजतोय.