हॅवलॉकची रात्र आणि माझा दुसरा टॉर्च

पाण्याखाली वापरायचा पहिला टॉर्च स्वस्तातला घेतला होता. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाजवळच्या नेमो रीफवर (प्रवाळाच्या पट्ट्यावर) नाइट डाइव्हला जेमतेम आठ मीटर उतरलो, तोच काचेआड पाणी डुचमळायला लागलं. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, वाळूचा एक कण, बस्स!

आता १००० ल्यूमेन उजेडाचा, १८६५० सेलवाला (रिचार्ज होणारा लिथियम सेल) वापरतोय. (बायको म्हणते, एवढ्यात चांगला मिक्सर आला असता.) झोत अरुंद, म्हणून गढूळ पाण्यातही नीट पोचतो. दिवसा निळंकरडं वाटणारं प्रवाळ त्यात चक्क लालभडक दिसलं. सरकतं चुंबकी बटण भिजून सुरकुतलेल्या बोटांनाही सहज सापडतं. मनगटाचा दोरा मात्र अगदीच सुतळीछाप. तो पहिल्याच दिवशी बदलला. पाण्याबाहेर जास्त वेळ पेटता ठेवू नका, चटका बसेल इतका तापतो. आणि खिशात दुसरा छोटा टॉर्च हवाच.