‘उजेडाला सरावलेल्या’ प्रवाळांचे दुप्पट पैसे

जालन्याला पहाटे चार वाजता ट्रॅव्हल्समधून थर्माकोलचे खोके उतरवून घेतले, तेव्हा मी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मागवलेल्या जिवंत प्रवाळांचे १८,४०० आणि पार्सलचे ७८० रुपये आधीच भरून बसलो होतो. झोअँथिड आणि मशरूम या दगडी सांगाडा नसलेल्या, मऊ प्रवाळांचे तेच आठ तुकडे विक्रेता ९,२०० रुपयांतही देत होता. वरचे ९,२०० मी केवळ ‘ही तीव्र प्रकाशाला सरावलेली आहेत, पहिल्या दिवसापासून दिवा पूर्ण ठेवा’ एवढ्या आश्वासनासाठी मोजले.

पुराव्यादाखल आलेल्या व्हिडिओत मीटरवर २५० हा आकडा होता. प्रवाळांचा प्रकाश ‘पार’मध्ये, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाच्या मापात मोजतात हे मला पक्के ठाऊक होते, तरी त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘लक्स’ (डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचे माप) लिहिलेले मी पाहिले ते सगळे संपल्यावर. २५० लक्स म्हणजे आपल्या बैठकीतला उजेड! त्याहून लाज वाटते ती याची, की पिशवी उघडताच झोअँथिडच्या माना मटकीच्या मोडांसारख्या लांबलेल्या दिसल्या होत्या. कमी उजेडात ती अशीच ताणली जातात, हे मीच चार जणांना सांगत आलो आहे. पण दुप्पट पैसे मोजून बसलो होतो, म्हणून प्रवासाचा शीण असेल अशी स्वतःची समजूत घातली. दिवा शंभर टक्क्यांवर लावला आणि पाचव्या दिवशी ज्यावर प्रवाळ जगतात ते अंगातले शैवाल गमावून बहुतेक तुकडे पांढरे पडले. त्यावर विक्रेत्याने २,८५० रुपयांचे ‘औषध’ गळ्यात मारले आणि मला ब्लॉक केले. एकूण २२,०३० रुपये गेले.

कोणी काहीही सांगो, नवे प्रवाळ आले की दिवा २०-३० टक्क्यांवर आणा आणि आठवड्याला पाच टक्क्यांनीच वाढवा.

पोलीस ठाण्यात ‘प्रवाळ म्हणजे अंगठीतले पोवळे का, कोणत्या ज्योतिषाने सांगितले?’ असे विचारण्यात आले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर सायबर विभाग म्हणाला की माल मिळाला आहे, हा दिवाणी वाद आहे. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी उलट मलाच वन्यजीव कायद्याची भीती घातली. दगडी प्रवाळ १९७२ च्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, माझी त्यांतली नव्हती, हे मी तीनदा सांगितले. त्यांनी ऐकले नाही. चुकूनही दगडी प्रवाळ घेऊ नका, आणि पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून पक्के बिल मागा.

एक मशरूम खडकाच्या आडोशाला जगले आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार मला माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, परंतु अर्जात विक्रेत्याचा पत्ता लिहावा लागतो आणि माझ्याकडे त्याचा फक्त यूपीआय आयडी आहे.