माया लिपीचं संमेलन: ऑस्टिनला जावं की युरोपात?

मोडीचे वर्ग करून झाल्यावर ज्यांना आणखी अवघड लिपीचा नाद लागतो, त्यांच्यासाठी हा आढावा. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या लिपी आणि कलेवर दरवर्षी भरणाऱ्या संमेलनांपैकी नवख्याने विचार करावा अशी मुख्य दोन. एक अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाचं, ऑस्टिनला. दुसरं 'वायेब' या युरोपीय संस्थेचं.

ऑस्टिनला वलय मोठं. लिंडा शीली या चित्रकलेच्या शिक्षिका. १९७० मध्ये मेक्सिकोतल्या पालेंके या प्राचीन माया नगरीचे अवशेष पाहायला गेल्या आणि तिथेच अडकल्या. १९७३ च्या डिसेंबरात पालेंकेलाच भरलेल्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि पीटर मॅथ्यूज यांनी एका दुपारीत तिथल्या राजांच्या वंशावळीचा मोठा भाग जुळवला. १९७७ पासून त्यांनी ऑस्टिनला कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली, तेच हे संमेलन. १९९८ मध्ये त्या गेल्या. पुढे धुरा डेव्हिड स्टुअर्ट यांच्याकडे आली. १९८४ मध्ये, अवघ्या १८ व्या वर्षी मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतली मानाची शिष्यवृत्ती मिळवणारे हेच ते. लिपी उलगडणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायचं असेल तर हीच जागा. मात्र या संमेलनाचं 'माया मीटिंग्ज' हे नाव आता 'मेसोअमेरिका मीटिंग्ज' झालंय, म्हणजे ॲझ्टेक, मिश्टेक वगैरे शेजारीही मांडीला मांडी लावून बसतात. कलेच्या अभ्यासकाला ही पर्वणी. फक्त लिपी हवी असणाऱ्याने त्या वर्षीचा विषय पाहूनच तिकीट काढावं.

युरोपचं संमेलन एका गावात राहत नाही. कोपनहेगन, हेलसिंकी, ब्रसेल्स, बॉन असं फिरत असतं. (वायेब म्हणजे माया वर्षाच्या शेवटचे पाच अशुभ दिवस. संस्थेला हे नाव द्यायला धाडस हवं!) इथे आधी काही दिवस कार्यशाळा, त्याही तयारीनुसार वेगवेगळ्या गटांत, आणि मग परिसंवाद. पाटी कोरी असेल तर माझं मत इथेच.

आणि मराठी माणसाला एक छुपा फायदा आहे. १६ व्या शतकात स्पॅनिश बिशप लांदा यांनी माया लोकांकडून 'अक्षरमाला' लिहून घेतली आणि घोटाळा करून ठेवला. त्यांनी स्पॅनिश अक्षराचं नाव 'बे' उच्चारलं, माया लेखनिकाने 'बे' हा आख्खा उच्चार लिहिला. चिन्ह एकेका वर्णाचं नसून व्यंजन आणि स्वर मिळून होणाऱ्या अक्षराचं असतं, हे सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्ये मांडलं. बाराखडी घोकलेल्याला यात नवल काय वाटणार? 'कु' आणि 'त्सु' लिहायचं, वाचायचं 'कुत्स', म्हणजे टर्की पक्षी. शेवटचा स्वर गिळायचा. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो, तसंच. पुढे मात्र शब्दचिन्हं येतात, एकाच उच्चाराला अनेक चिन्हं येतात, तेव्हा घाम फुटतो.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला व्हिसा दोन्हीकडे लागतो. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधीकधी महिनोन् महिने जातात, हे आधीच धरून चालावं. युरोपच्या पारड्यात आणखी एक गोष्ट पडते. माया हस्तलिखित पोथ्या उरल्यात अवघ्या चार, त्यांतल्या तीन युरोपात: ड्रेस्डेन, माद्रिद आणि पॅरिस. संमेलन जर्मनीत असेल तर परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात ती पोथी काचेआड मांडलेली आहे, शुक्राच्या गणिताची पानं तिच्यातच आहेत.