मंगळवेढ्याच्या रानातील घरासाठी सागवानी दारे-खिडक्या : एक अनुभव

मंगळवेढ्याच्या पुढे काळ्या रानात बांधलेल्या आमच्या घराचा आराखडा आर्किटेक्टने असा केला होता की तयार मापाची एकही चौकट तिथे बसणार नव्हती. म्हणून सगळे काम आम्ही सोलापूरच्या एमआयडीसीतील एका सुतारकारखान्याकडून सागवानात करून घेतले. त्याने आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिला आहे.

लाकडाबाबत तक्रारीला जागा नाही. साग बल्लारशाचा होता. फळ्यांचा पांढरा भाग, जिथे वाळवी आधी लागते, तो काढून टाकला होता, आणि ओलावा यंत्र लावून आमच्यासमोर मोजला, तो ११ टक्क्यांच्या आसपास भरला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडीठाक होते अशा या भागात ओल्या लाकडाच्या झडपा पिळल्याशिवाय राहत नाहीत. मापेही त्यांनी नकाशावर न विसंबता भिंती उभ्या राहिल्यावर जागेवर येऊन घेतली आणि चौकटींची भिंतीकडील बाजू डांबराने माखली.

दोष आहे तो पॉलिशच्या क्रमात. पश्चिमेच्या दाराचे दिलहे, म्हणजे झडपेच्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या फळ्या, खोबणीत सरस न लावता मोकळे ठेवले होते, आणि ते योग्यच होते, कारण लाकूड रुंदीत आकसते-फुगते आणि जखडलेला दिलहा तडकतो. पॉलिश मात्र दार जुळवून झाल्यावर मारले. मे महिन्यात दिलहे आकसले आणि प्रत्येकाच्या कडेला सूतभर कोरी, फिकी पट्टी उघडी पडली. आधी पॉलिश करून मग जुळवा, असे आर्किटेक्टने काम सुरू होतानाच बजावले होते.

दुरुस्तीसाठी पन्नासहून अधिक किलोमीटर माणूस पाठवण्यास कारखाना नाखूश असतो. फोनवर ‘पुढच्या आठवड्यात’ एवढेच उत्तर मिळते. सप्टेंबरच्या पावसात फुगून अडकलेल्या दोन झडपांना शेवटी गावच्या सुताराने रंधा मारला, तोही चांगला.

लाकडाचा घनफुटाचा भाव आणि मजुरी त्यांनी वेगवेगळी लिहून दिली होती, पण वाहतूक आणि बसवणूक बिलातच प्रथम दिसली. आडजागी घर बांधणाऱ्यांनी या कारखान्याकडे जरूर जावे. मात्र पहिल्या उन्हाळ्यानंतरची एक फेरी करारात लिहून घ्यावी आणि तोवर थोडी रक्कम हातची राखावी.