हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ई-इन्व्हॉइस जोडणी : दीड वर्ष वापरल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपचे हिशेब मी सांभाळतो. पाच कोटींहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणे, बंधनकारक झाले. त्यासाठी २०१७-१८ पासूनचे कोणतेही एक आर्थिक वर्ष धरले जाते, त्यामुळे मधल्या मंदीत आमची उलाढाल खाली आली होती, याचा आम्हाला काहीही उपयोग झाला नाही. सुरुवातीचे काही महिने आम्ही एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या) मोफत एक्सेल साधनावर काढले. त्यात बिलाचा तपशील भरायचा, पोर्टलला वाचता येईल अशी जेसन फाईल तयार करायची, ती पोर्टलवर चढवायची आणि मिळालेला क्यूआर कोड बिलावर आणायचा, अशी पद्धत आहे. दिवसाला दोन-तीन बिले निघत असतील, तर पैसे खर्च करण्याचे काही कारण नाही, असे माझे आजही मत आहे. आमची बिले मात्र पंधरा-वीसवर गेली, तेव्हा आम्ही आधीपासून वापरात असलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ई-इन्व्हॉइस जोडणी वार्षिक वर्गणी भरून घेतली.

जोडणी सुरू करणे अवघड नाही. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जाऊन एपीआयसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरने पोर्टलशी थेट बोलण्यासाठी, स्वतंत्र युजर आयडी आणि पासवर्ड तयार करावा लागतो. पोर्टलवर रोज लॉगिन करण्याचा पासवर्ड तेथे चालत नाही, आणि आमचा अर्धा तास नेमका एवढे कळण्यात गेला. त्यानंतर बिल सेव्ह करून एक बटण दाबले, की काही सेकंदांत चौसष्ट अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि सही केलेला क्यूआर कोड बिलावर उमटतो, मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिलही त्याच वेळी निघते आणि महिनाअखेरीस जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात ही बिले आपोआप आलेली दिसतात. सगळे सुरळीत असताना या सॉफ्टवेअरबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बिल अडते तेव्हाची. बेळगावच्या उद्यमबागेतील एका नव्या पार्टीचे लेजर (खाते) उघडताना आमच्या ऑफिसातील मुलाने राज्याच्या रकान्यात आधीपासून आलेले ‘महाराष्ट्र’ तसेच राहू दिले. जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचा, पिनकोड ५९० चा आणि राज्य महाराष्ट्र! सीमाप्रश्नावर आमच्याकडे मते काहीही असोत, पोर्टल बिल घेईना. ते योग्यच होते, कारण तसे बिल गेले असते तर परराज्यातील विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यांतर्गत विक्रीचा सीजीएसटी आणि एसजीएसटी लागला असता. पण पोर्टलने कोणता रकाना चुकला ते सांगितलेले असताना सॉफ्टवेअरने पडद्यावर एवढेच दाखवले, की ‘विनंती अयशस्वी’. खरा संदेश सॉफ्टवेअरच्या तीन खिडक्या आत, नोंदींच्या एका फाईलमध्ये पडलेला होता.

दुसरा प्रसंग अधिक महागात पडला. गाडीत कास्टिंग भरून झाली होती, ड्रायव्हर ऑफिसच्या दारात उभा होता आणि बिल पाठवताना नेमके नेट गेले. बिल पोर्टलवर पोहोचले होते, उत्तर तेवढे आमच्यापर्यंत आले नव्हते. सॉफ्टवेअरने ‘प्रलंबित’ दाखवले, म्हणून मुलाने बिल पुन्हा पाठवले आणि २१५० क्रमांकाची त्रुटी आली, म्हणजे आयआरएन आधीच दिलेला आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून आयआरएन ठरत असल्याने एकाच बिलाला दोन आयआरएन मिळूच शकत नाहीत. घाबरून त्याने नवीन क्रमांकाने तेच बिल काढले आणि एकाच मालाची दोन बिले सरकारदरबारी नोंदली गेली. पोर्टलवर आयआरएन रद्द करण्यासाठी चोवीस तासच मिळतात, आणि रद्द केलेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्या दिवशी संध्याकाळी लक्षात आले म्हणून पहिले बिल रद्द करता आले. दुसऱ्या दिवशी रात्री लक्षात आले असते, तर बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढून पार्टीला समजावत बसावे लागले असते.

यात मला सर्वांत खटकले ते हे, की २१५० ची त्रुटी देताना पोर्टल आधीचा आयआरएन आणि पोचपावतीचा क्रमांकही त्याच उत्तरात परत पाठवते. सॉफ्टवेअरने तो उचलून बिलावर लावला असता, तर गाडी पाच मिनिटांत फाटकाबाहेर गेली असती. वर्गणी आपण याच कामासाठी भरतो. बटण दाबून फाईल पाठवणे तर मोफत साधनाच्या थोडेसेच पुढचे काम आहे. मदतकेंद्रातील मुलीने शांतपणे ऐकून घेतले, पण तिने सुचवलेला उपाय ‘पोर्टलवर जाऊन तपासा’ हाच होता.

त्यामुळे नवीन घेणाऱ्यांना माझे सांगणे असे, की विक्रेता डेमो दाखवायला येईल तेव्हा त्याला चुकीच्या पिनकोडचे एक बिल पाठवायला सांगावे, मग एकच बिल दोनदा पाठवायला सांगावे आणि पडद्यावर काय येते ते पाहावे. आम्ही यंदा वर्गणी भरली आहे, कारण वर्षाच्या मध्यात सॉफ्टवेअर बदलणे परवडत नाही. तोपर्यंत संगणकाशेजारी एक कागद चिकटवला आहे : ‘२१५० आले तर नवीन बिल काढू नये, आधी मला विचारावे.’